मोटरहोमचं बाथरूम नवं केलं आणि पाणी तुंबायला लागलं? निचरा मार्गी लावायची पद्धत

शॉवरचा ट्रे नवा, भिंतींना नवे पॅनल, बेसिन थोडं सरकवून मोठं घेतलं. सगळं देखणं झालं आणि पहिल्याच अंघोळीला पाणी घोट्यापर्यंत साचलं. मोटरहोमचं बाथरूम स्वतः बांधणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हे येतं. कुणाकडे पाणी साचत नाही, पण बेसिन रिकामं केलं की शॉवरच्या जाळीतून बुडबुडे येतात. कुणाकडे पाणी झटक्यात निघून जातं, पण गाडी तासभर धावली की आत सांडपाण्याचा वास भरतो. तक्रारी वेगळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा पाचच गोष्टी असतात: टाकी भरलेली असते, हवेला वाट नसते, उतार कमी पडतो, ट्रॅप (वास अडवणारं पाइपाचं वळण) चुकलेला असतो किंवा पाइपात बांधकामाचा कचरा बसलेला असतो.

घराच्या प्लंबिंगचे नियम इथेही लागू आहेत, पण एक मोठा फरक आहे. घर जागचं हलत नाही. मोटरहोम रोज नव्या जमिनीवर उभं राहतं, आणि जमीन जशी असेल तसा तुमच्या पाइपांचा उतार वाढतो, कमी होतो, कधी उलटाही होतो. घरात पुरणारा उतार इथे पुरत नाही तो यामुळेच. पुढच्या प्रत्येक पायरीत हे लक्षात ठेवा.

आधी पाण्याचा रस्ता कागदावर काढा

पाना हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. बहुतेक मोटरहोममध्ये तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, शॉवर-बेसिनच्या सांडपाण्याची आणि संडासाच्या मैल्याची. कॅसेट टॉयलेट असेल तर तिसरीऐवजी बाहेर ओढून काढायची पेटी असते. आपलं काम सांडपाण्याच्या टाकीशी आहे.

शॉवर, बेसिन आणि स्वयंपाकाचं सिंक यांचे पाइप कुठे एकत्र येतात, टाकीत वरून शिरतात की बाजूने, छतावर जाणारा हवेचा पाइप कुठून निघतो, हे सगळं काढा. मग नूतनीकरणात काय बदललं ते लाल पेनाने खुणा करून दाखवा: ट्रे उंच झाला की खाली गेला, जाळीची जागा बदलली का, पाइप लांबला का, कोपरे वाढले का, भिंतीतला एखादा उभा पाइप कापला का. आधी निचरा नीट होत असेल तर दोष या लाल खुणांपैकीच एखाद्या ठिकाणी आहे, असं समजून चालायला हरकत नाही. पाइपांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. एकदा पॅनल बसले की आत काय आहे हे आठवत नाही.

टाकी रिकामी आहे का, हे डोळ्यांनी पाहा

शॉवरचा ट्रे ही गाडीतली सगळ्यात खालची मोरी. टाकी भरली की पाणी उलटं फिरतं आणि पहिल्यांदा तिथेच वर येतं. त्यामुळे "शॉवर तुंबलाय" असं वाटतं, पण शॉवरमध्ये काहीच बिघडलेलं नसतं.

टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या कंट्रोल पॅनलवरच्या दिव्यांवर विसंबू नका. टाकीच्या भिंतीवर साबण आणि तेलकट थर बसला की सेन्सर खोटं सांगतात. भरलेली टाकी रिकामी दाखवतात आणि रिकामी भरलेली. सांडपाणी सोडायच्या अधिकृत ठिकाणी जाऊन टाकी पूर्ण रिकामी करा, आत स्वच्छ पाणी घालून पुन्हा सोडा आणि मगच पुढच्या चाचण्या करा. ट्रॅप, टाकी आणि पाइप हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हे काम करताना खिडक्या-दारं उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको, कारण टाकीतून येणारा वायू पेट घेऊ शकतो आणि विषारीही असू शकतो.

टाकीच्या आकाराचा हिशोबही करून ठेवा. शॉवर मिनिटाला 8 लिटर पाणी सोडत असेल तर चार मिनिटांच्या अंघोळीला 32 लिटर लागतात. टाकी 100 लिटरची असेल तर तिसऱ्या अंघोळीनंतर ती जवळजवळ काठोकाठ भरते. जुन्या बचतीच्या शॉवरऐवजी तुम्ही भरघोस पाण्याचा नवा शॉवर बसवला असेल, तर तुमची अडचण कदाचित एवढीच आहे, आणि तिला उपाय म्हणजे शॉवरचं डोकं बदलणं. पाइप तोडण्याआधी ही शक्यता तपासा.

बादली, घड्याळ आणि कान

टाकी रिकामी झाली, गाडी सपाट जागी आली, पाणसळ ट्रेच्या शेजारी फरशीवर ठेवून समतल केली. आता तीन चाचण्या करा.

पहिली चाचणी म्हणजे शॉवर पूर्ण सोडून एका मिनिटात बादलीत किती लिटर पाणी येतं ते मोजणं. मग 10 लिटर पाणी ट्रेमध्ये सावकाश ओता आणि ते निघून जायला किती वेळ लागतो ते पाहा. निचऱ्याचा वेग शॉवरच्या वेगापेक्षा निदान दीडपट तरी असावा, असं माझं मत आहे. बरोबरीचा असला तर केसांचा पहिला पुंजका अडकताच पाणी साचणार.

दुसऱ्या चाचणीत बेसिन काठोकाठ भरा, बूच काढा आणि शॉवरच्या जाळीजवळ कान नेऊन ऐका. नुसता वाहण्याचा आवाज आला तर ठीक. घुडघुड आवाज किंवा बुडबुडे आले तर हवेला वाट मिळत नाहीये. आवाज काहीच नाही, पण शॉवरच्या जाळीतून पाणी वर आलं तर दोन्ही पाइप जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे अडथळा आहे.

तिसऱ्या चाचणीत सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व बंद ठेवून टाकी निम्मी भरा आणि पहिली चाचणी पुन्हा करा. रिकाम्या टाकीला निचरा झकास आणि निम्म्या टाकीला रडतखडत, असं झालं तर उताराच्या नादी लागू नका. दोष हवेच्या पाइपात किंवा टाकीत शिरणाऱ्या तोंडात आहे.

हवेला वाट द्या

नूतनीकरणानंतर सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते हवेकडे. बाटली उलटी केली की पाणी गचके खात बाहेर पडतं, कारण त्याच तोंडातून हवेलाही आत यायचं असतं. पाइपात नेमकं तेच होतं. शिवाय टाकीत एक लिटर पाणी गेलं की एक लिटर हवा बाहेर पडायला हवी. तिला छताकडे वाट नसेल तर ती तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ढकलून आत येते आणि वास घेऊन येते.

पहिली शक्यता: भिंत बदलताना हवेचा उभा पाइप कापला गेला, दाबला गेला किंवा नव्या पॅनलमागे त्याचा जोड सुटला. छतावर चढून त्या पाइपाची टोपी काढा आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहा. पानं किंवा एखाद्या किड्याचं मातीचं घर सापडलं तर काढून टाका. मग बागेच्या नळीने वरून थोडं पाणी सोडा; ते टाकीत पडल्याचा आवाज यायला हवा. हे पाणी भिंतीत किंवा फरशीवर आलं तर दोष सापडला.

दुसरी शक्यता अनेकांच्या ध्यानातच येत नाही. हवेचा पाइप टाकीच्या माथ्यावरच्या रबरी बुशातून, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्यातून, आत जातो. वरचा क्लॅम्प सैल झाला की गाडीच्या हादऱ्यांनी हा पाइप हळूहळू खाली सरकतो आणि त्याचं टोक टाकीत खोल उतरतं. टाकी निम्मी भरली की ते टोक पाण्यात बुडतं आणि हवेचा रस्ता बंद होतो. वरून पाहिलं तर सगळं जागच्या जागी दिसतं. पाइप वर ओढून टोक टाकीच्या माथ्याच्या लगेच खाली आणा आणि छताजवळ क्लॅम्पने पक्कं करा. पुन्हा सरकला तर कळावं म्हणून बुशाच्या कडेला पाइपावर न पुसणाऱ्या पेनाने खूण करा.

बेसिन किंवा शॉवर हवेच्या पाइपापासून लांब गेला असेल तर त्या फाट्यावर हवा आत घेणारा एकदिशा व्हॉल्व बसवता येतो. पाइपात ओढ निर्माण झाली की तो उघडतो आणि ओढ थांबली की बंद होतो. तो उभा असावा, आडव्या पाइपापेक्षा निदान 10 सेंमी उंच असावा आणि कपाटाआड का होईना, हात पोचेल अशा जागी असावा. मात्र एक पक्कं समजून घ्या: हा व्हॉल्व हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. त्यामुळे "एकदिशा व्हॉल्व आहे, आता छतावरचा पाइप काढून टाकतो" हा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. टाकीला छतापर्यंत उघडा पाइप हवाच.

उतार: इथे वेळ घालवा

प्लंबिंगमध्ये आडव्या पाइपाला मीटरमागे साधारण 2 सेंमी उतार देतात. म्हणजे फक्त 1.15 अंश. आता गाडी उलट्या बाजूला एक अंश कललेली आहे असं समजा. एक अंश म्हणजे मीटरमागे पावणेदोन सेंमी. तुमच्या 2 सेंमीतून तेवढे गेले की उरला पाव सेंमी, आणि तेवढ्यावर पाणी सरकत नाही. गाडी दोन अंश कललेली असेल तर मीटरमागे साडेतीन सेंमी गेले; उतार उलटा झाला आणि पाणी जाळीकडे परत आलं. दोन अंशांचा कल माणसाला आत बसून जाणवतोच असं नाही. सपाट वाटणाऱ्या बऱ्याच जागा इतक्या कललेल्या असतात.

म्हणून जागा असेल तिथे मीटरमागे 3 ते 4 सेंमी उतार द्या. सांडपाण्यात घन काही नसतं, त्यामुळे थोडा जास्त उतार त्याला मानवतो. अपवाद एकच: ट्रॅपपासून हवेच्या फाट्यापर्यंतच्या तुकड्यात एकूण उतरण पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त होऊ देऊ नका. दीड इंची पाइप असेल तर ट्रॅपमधून निघून हवा मिळेपर्यंत पाणी एकूण दीड इंचाच्या आतच खाली यावं. त्याहून जास्त उतरलं तर पुढचं पाणी मागचं ओढून नेतं आणि ट्रॅप कोरडा पडतो.

मोजायची सोपी रीत अशी. गाडी समतल करा, पण फरशी समतल आहे असं गृहीत धरू नका; ट्रेच्या जागी पाणसळ लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे ठेवून बघा. जाळीच्या तळापासून टाकीत शिरणाऱ्या तोंडापर्यंत दोरी ताणा आणि दोन्ही टोकांची उंची मोजा. फरकाला मीटरमधल्या अंतराने भागा. जाळीपासून टाकीचं तोंड 1.5 मीटरवर असेल आणि फरक 3 सेंमी निघाला, तर उतार मीटरमागे 2 सेंमी. या आकड्यावर समाधान मानू नका.

उतार वाढवायला जागा नसेल तर काय? माझ्या पसंतीचा क्रम असा. पहिलं, पाइपाची लांबी कमी करा. थेट रस्ता मिळत असेल तर ट्रेची जाळीच दुसऱ्या बाजूला घ्या. दुसरं, ट्रे 4-5 सेंमी उंच चौथऱ्यावर बसवा. डोक्यावरची उंची थोडी कमी होते, पण निचरा आयुष्यभरासाठी सुधारतो. तिसरं, शॉवरचा पाइप बाकीच्यांत न मिळवता टाकीत स्वतंत्र तोंडाने न्या. पंपाचा पर्याय शेवटी. त्याबद्दल पुढे आहेच.

काटकोनी वळणं जमतील तितकी टाळा. 90 अंशांच्या एका कोपऱ्याऐवजी 45 अंशांचे दोन वापरले तर पाणी सुरळीत वळतं आणि केस अडकायला जागा राहत नाही. गाडीखालून जाणाऱ्या आडव्या पाइपाला दर अर्ध्या मीटरवर पट्टी लावा. पट्टी नसेल तर पाइपाला मध्ये पोट येतं, पोटात पाणी साचतं, साबणाचा चिखल बसतो आणि काही महिन्यांत तिथेच तुंबतं. युरोपीय बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत वळ्या असलेली बारीक लवचीक नळी असते. तिला पोट फार लवकर येतं. नूतनीकरण करताच आहात तर शॉवरसाठी ती काढून 40 मिमीचा गुळगुळीत पाइप टाका.

शॉवरच्या ट्रेचाही स्वतःचा उतार असतो. मोटरहोमसाठी बनवलेल्या अनेक ट्रेंना समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन जाळ्या असतात. गाडी कुठेही कलली तरी एक जाळी खालच्या बाजूला राहावी, हा त्यामागचा विचार. त्याजागी घरचा एका जाळीचा ट्रे बसवला की उलट्या कोपऱ्यात पाणी साचतं. अजून ट्रे घेतला नसेल तर दोन जाळ्यांचाच घ्या. घेऊन झाला असेल तर गाडी उभी करताना चाकाखाली चढण-ठोकळा घालून जाळीची बाजू किंचित खाली ठेवायची सवय लावा.

ट्रॅप: एकच असावा आणि भरलेला असावा

ट्रॅप म्हणजे पाइपाचं ते वळण, ज्यात पाणी साठून राहतं आणि टाकीतला वास वर येऊ देत नाही. त्यातल्या पाण्याची खोली साधारण 5 ते 10 सेंमी असावी लागते.

नूतनीकरणात घडणारी एक गोष्ट फार त्रास देते. जुना ट्रॅप फरशीखाली तसाच राहतो आणि नव्या ट्रेच्या जाळीत कारखान्यातूनच दुसरा ट्रॅप बसवलेला असतो. एकामागे एक दोन ट्रॅप झाले की मधल्या पाइपात हवा कोंडते आणि पाणी थांबून थांबून, ढेकर देत जातं. उतार उत्तम, टाकी रिकामी, हवेचा पाइप स्वच्छ, आणि तरी निचरा संथ असेल तर सर्वात आधी हे बघा. एका मोरीला एकच ट्रॅप. दुसरा काढून टाका.

ट्रॅपच्या पुढचा पाइप आडवा निघायला हवा. पाणी वळणातून वर येऊन लगेच उभं खाली जात असेल तर भरल्या बेसिनचं पाणी जाताना ट्रॅपमधलंही ओढून नेतं. तपासायला बेसिन भरून सोडा, पाणी गेल्यावर बूचाच्या भोकातून बॅटरी मारून पाहा. खाली काळ्या पाण्यावर उजेडाचा ठिपका चमकला तर ट्रॅप भरलेला आहे. नुसती ओली प्लास्टिकची भिंत दिसली तर तो ओढला गेला. ठिपका दिसतो पण खालीवर हलतो, हेही हवा कमी पडत असल्याचं लक्षण आहे.

भरलेला ट्रॅपसुद्धा खराब रस्त्यावर हिंदकळून रिकामा होऊ शकतो. शिवाय फरशीखाली इतकी कमी जागा असते की पाण्याचा ट्रॅप बसवायचा तर उतारावर पाणी सोडावं लागतं. अशा वेळी बिनपाण्याचा ट्रॅप वापरा. त्यातला 'हेपव्हो' हा प्रकार मोटरहोमवाल्यांत परिचित आहे. आत सिलिकॉनचा चपटा पडदा असतो, पाणी आलं की उघडतो, गेलं की मिटतो. सरळ नळीसारखा असल्याने जागा फार कमी लागते, हिंदकळायला आत पाणी नसतं आणि थंडीत गोठायलाही नसतं. शॉवरसाठी मी याचीच शिफारस करेन. बसवताना त्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने ठेवा, आडवा बसवत असाल तर खालची बाजू खालीच राहील याची खात्री करा आणि पुढे कधी काढता यावा म्हणून दोन्ही बाजूंना उघडता येणारे जोड ठेवा. याच्या आधी केसांची जाळी अत्यावश्यक आहे, कारण पडद्यात केस अडकला की तो मिटत नाही.

वासाबद्दल आणखी एक. बाथरूमचा पंखा हवा बाहेर फेकतो. खिडक्या सगळ्या बंद असतील तर तो तीच हवा कुठूनतरी ओढणार, आणि कमकुवत ट्रॅप ही त्याला सोपी वाट. पंखा लावताना एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा.

बांधकामाचा कचरा

फरशीचं ग्राउट, चिकट मसाला, लाकडाचा भुसा, सिलिकॉनचे गोळे हे सगळं काम चालू असताना जाळीतून आत जातं. ग्राउटची बादली ट्रेमध्ये धुतली असेल तर ते आत जाऊन दगड होतं आणि द्रव ओतून सहज निघत नाही. पाइपात जाणारा छोटा कॅमेरा मिळत असेल तर लावा. ग्राउट सापडलं तर पाइपाचा तेवढा तुकडा कापून नवा घाला. तेच सगळ्यात स्वस्त आणि पक्कं. केस आणि साबण असेल तर दातेरी नायलॉन पट्टीने निघतं.

बाजारात मिळणारी जहाल ड्रेन क्लीनर ओतू नका. ती प्लास्टिकच्या पाइपाला, रबरी बुशांना आणि पडद्याच्या ट्रॅपला इजा करतात. वर ती टाकीत जाऊन बसतात, आणि नंतर तीच टाकी हाताळताना तुमच्या अंगावर उडण्याचा धोका राहतो. बिनपाण्याच्या ट्रॅपमधून लोखंडी स्प्रिंगही घालू नका, पडदा फाटतो.

ट्रे आणि जोड पक्के करताना

पातळ ट्रेखाली पोकळी राहिली तर उभं राहिल्यावर तो दबतो आणि प्रत्येक अंघोळीला जाळीचा जोड थोडा थोडा हलतो. वर्षभराने तिथून पाझर सुरू होतो आणि खालचं प्लायवुड आतून कुजतं. ट्रेखाली कमी फुगणारा फोम किंवा ट्रे बनवणाऱ्याने सांगितलेला भराव घाला आणि तो सुकेपर्यंत ट्रेमध्ये वजन ठेवा. जास्त फुगणारा फोम ट्रेच वर उचलतो आणि दिलेला उतार वाया जातो.

जाळीखाली प्लंबर पुट्टी नको. तिच्यातलं तेल कालांतराने एबीएस आणि अ‍ॅक्रिलिक या प्लास्टिकांना तडे पाडू शकतं. त्याजागी प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन लावा.

अमेरिकन बनावटीच्या गाड्यांत बहुधा काळे एबीएस पाइप असतात, आणि नवा आणलेला पाइप पांढरा पीव्हीसी असतो. या दोघांना पाइप चिकटवायच्या साध्या सोल्युशनने चिकटवू नका. मध्ये रबरी कपलर आणि स्टीलचे क्लॅम्प वापरा. असा कपलर गाडीच्या हादऱ्यांत थोडा लवतो, त्यामुळे तो एरवीही एखाद्या ठिकाणी असलेला बरा. सोल्युशन लावायच्या आधी सगळे पाइप कोरडेच जोडून पाहा, प्रत्येक जोडावर आडवी रेघ मारा, मग सुटे करून एकेक चिकटवा. पाव फिरकी देत रेघा जुळवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. डब्यावर सांगितलेला वेळ गेल्याशिवाय पाणी सोडू नका.

टाकीच्या बुशात पाइप घालताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल नको, रबर फुगतं. पाइप आत 3-4 सेंमीच जाऊ द्या. जास्त गेला तर टाकी भरू लागताच त्याचं तोंड बुडतं.

उतार जमतच नसेल तर पंप

टाकीचं तोंड जाळीच्या बरोबरीने किंवा वर असेल तर गुरुत्वाकर्षणाला मर्यादा आहे. 12 व्होल्टचा डायफ्राम पंप शॉवरचं पाणी ओढून टाकीत टाकतो. तो काही वेळ कोरडा चालला तरी चालतो. त्याच्या आधी धुता येणारी गाळणी हवी आणि पंपाचा वेग तुम्ही बादलीने मोजलेल्या शॉवरच्या वेगापेक्षा जास्त हवा. वायरिंगला फ्यूज लावा, काम करताना बॅटरीची जोडणी काढून ठेवा. पंपाचा आवाज होतो, गाळणी दर आठवड्याला धुवावी लागते आणि बॅटरी संपली की अंघोळ बंद. म्हणून चौथऱ्याने काम भागत असेल तर पंपाच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

पॅनल बंद करण्याआधीची परीक्षा

जाळीला बूच लावा, ट्रेमध्ये 2-3 सेंमी पाणी भरा, पातळीवर चिकटपट्टी लावा आणि काही तास तसंच ठेवा. पाणी पट्टीखाली गेलं तर जाळीचा जोड झिरपतोय. मग बूच काढा आणि पाणी वाहत असताना खाली प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारी ओल टिश्यूवर लगेच उमटते. पाण्यात थोडा खायचा रंग घातला तर बेसिनचं की शॉवरचं, हेही कळतं.

त्यानंतर गाडी मुद्दाम जमतील त्या चारही बाजूंना थोडी थोडी कलती उभी करून बादलीची चाचणी करा. हा भाग बहुतेक जण गाळतात आणि पहिल्या सहलीत पस्तावतात. कोणत्या बाजूला किती कल चालतो, हे इथे कळतं. ते कपाटाच्या दाराआत लिहून ठेवा, शेजारी पाइपांचं रेखाचित्र चिकटवा. शेवटी अर्धा तास खडबडीत रस्त्यावर गाडी फिरवून या आणि सगळे जोड, पट्ट्या, क्लॅम्प पुन्हा हाताने तपासा. सैल झालेला क्लॅम्प सापडतोच.

फरशीत किंवा कपाटात एक छोटं झाकण ठेवा, ज्यातून ट्रॅप आणि टाकीचं तोंड हाताला लागेल. ते न ठेवता सगळं सील केलं तर पुढच्या वेळी नवा पॅनल कापावा लागेल.

वापरात आल्यावर केसांची जाळी प्रत्येक अंघोळीनंतर साफ करा, तेलकट भांडी पुसून मगच सिंकमध्ये घाला, टाकी रिकामी केली की स्वच्छ पाण्याने खळबळवून पुन्हा सोडा. गाडी कडाक्याच्या थंडीत उभी राहणार असेल तर पाण्याच्या ट्रॅपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉलचं, म्हणजे विषारी नसलेलं अँटिफ्रीझ घाला. इंजिनमध्ये वापरतात ते इथे चालत नाही. गाडी बराच काळ उन्हात बंद राहिली तर ट्रॅपचं पाणी उडून जातं, तेव्हा आत पाऊल टाकताच वास आला तर आधी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता, अर्धा तास थांबा, आणि वास तरीही राहिला तरच पाइप उघडायला घ्या.